धास्तीचा आकडा

३ मार्च

जुळलं! माझ्या कॉम्प्युटर मॉडेलने सांगितलेली साखरेची रेघ आणि भिंगरीच्या दंडावरच्या सेन्सरची रेघ – एकावर एक! खाणं, झोप, इन्सुलिन, पळणं, सगळं समीकरणात बसवलंय. ऑफिसात दिसेल त्याला दाखवत सुटले. लेक माझी, डायबेटिस तिला लहानपणापासून, पण त्याचं गणित मांडलं ते मी! आज पाय जमिनीवर नाहीत.

९ मार्च

शाळांची शर्यत. मॉडेल म्हणालं, साखर उतरेल. चढली! तीनशेच्या वर. कोचनी पळूच दिलं नाही. मी सगळ्यांदेखत ओरडले, "काय चरलीस, खरं सांग!"

"काही नाही गं, आई."

गाडीत मुसमुसत होती. अंतिम फेरीत जायला आता एकच संधी उरली – पुढच्या रविवारची.

१० मार्च

खरंच काही खाल्लं नव्हतं तिने. ऑफिसातली डॉक्टरीण फोनवर हसायलाच लागली – "अगं, धास्ती! घाबरलं की शरीर आपणहून साखर सोडतं. हे कसं विसरलीस?"

हात्तिच्या! धास्तीचा आकडा घातला आणि जुन्या सगळ्या शर्यती झटक्यात जुळल्या. आहे का कोणी माझ्यासारखी! भिंगरीची माफी मागितली. तीही घाईघाईतच, कारण आलेख उघडा होता.

१७ मार्च

रविवार असून मीटिंग आली, शर्यतीला जाता आलं नाही. आजवर एक शर्यत चुकवली नव्हती मी! हे घेऊन गेले तिला. मॉडेलच्या हिशोबाने साखर चढायला हवी होती. जागची हलली नाही! पोरगी दुसरी आली, अंतिम फेरीत गेली. आणि मी? तिला जवळ घ्यायचं सोडून चूक शोधत बसले.

हे म्हणाले, "तुझं गणित बरोबरच गं. पोरीचं रक्त चुकलं!"

१८ मार्च

काल वेगळं काय होतं? मैदान तेच, कोच तेच, नाश्ताही तोच. फक्त मी नव्हते.

सरळ विचारलं तिला. बुटाची नाडी ओढायला लागली. मग म्हणाली, "तू मला पळताना बघतच नाहीस, आई. फोनवरचा माझा आकडा बघतेस. तुझा चेहरा पडला की मला लांबूनही कळतं."

बोचलं. पण तोंडावर बोलली हो पोरगी! अभिमान वाटला, खोटं कशाला लिहू? मग न्हाणीघरात जाऊन रडले.

२३ मार्च

ठरलं. उद्या अंतिम फेरी आणि मी घरी. सांगितलं तिला. ती नुसतं "बरं" म्हणाली. जीव तुटतोय. पण मला वगळून मॉडेल चालवलं, तर रेघ कशी सरळ जाते! पोरीला पळू देत.

२४ मार्च

भिंगरी दारात, पाठीला सॅक – "चपला घाल, आई. तू येणार हे धरूनच इन्सुलिनचा डोस ठरवलाय मी."