कारेनच्या दुकानातलं चीज

प्रिय व्हिगोदादा,

तू मागितलेला काळा पाव आणि खारवलेले हेरिंग मासे लगेच मिळाले. जुनं, उग्र चीज मात्र फक्त कारेनकडे होतं. तू तिच्याशी ठरलेलं लग्न मोडून कॅनडाला गेलास, तेव्हापासून मी तिच्या दुकानाची पायरी चढले नव्हते.

“दादा आजारी आहे. त्याला जेवण जात नाही,” मी म्हटलं.

तिनं आतून सगळ्यांत मुरलेला तुकडा आणला. “त्याला सांग, याचा वास तुझ्या वागण्यापेक्षा बरा आहे.”

इथवर लिहिलं आणि तुझ्या लेकीचा फोन आला. तू गेलास.

चीज घेऊन मी कारेनकडेच गेले. आम्ही दोघींनी ते पावावर घालून खाल्लं.

“माझ्याच दुकानातलं मागितलं होतं का त्यानं?” तिनं विचारलं.

तू दुकानाचं नाव काढलं नव्हतंस. मी हो म्हटलं.

तुझी धाकटी,
ग्रेथे