तिसऱ्या ढिगाची मालकीण

मी, खाली सही करणारी, संग्रहालय झालेल्या या मोठ्या घराच्या मागल्या दोन खोल्यांत राहणारी, तिघा भावांपैकी मधल्याची एकुलती एक मुलगी, निबंधक कचेरीतून निवृत्त झालेली टंकलेखिका, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने टाइप करून ठेवते. मला कोणी भरीस घातलेले नाही. उलट हे लिहू नये म्हणून पुष्कळांनी गोड बोलून पाहिले. समोरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तपासून माझी बुद्धी शाबूत असल्याचा दाखला दिला आहे. रक्तदाब मात्र वाढलेला आहे आणि तो रागाने वाढला आहे, असे ते म्हणाले. दाखल्यात त्यांनी ते घातले नाही, म्हणून मी इथे घालते.

नोकरीभर मी दुसऱ्यांची मृत्युपत्रं टाइप केली. माणसं जिवंतपणी जे तोंडावर बोलत नाहीत ते कलमात घालतात, हे मी रोज पाहिलं. माझं तसं नाही. माझं सगळं बोलून झालं आहे, अर्ज देऊन झाले आहेत, समितीपुढे उभं राहून झालं आहे. कोणी ढिम्म हललं नाही. म्हणून ही कलमं.

कलम पहिले. माझा टाइपरायटर कचेरीत माझ्या जागी आलेल्या मुलीला द्यावा. ती आता संगणकावर काम करते, तिला त्याचा काडीचा उपयोग नाही, हे मला कळतं. पण तो या घरात राहता कामा नये. राहिला तर समितीचे लोक तो थोरल्या काकांच्या मेजावर ठेवतील आणि खाली लिहितील की याच यंत्रावर ते आपला पत्रव्यवहार करत. काकांना सही सोडली तर दोन ओळी धड लिहिता येत नव्हत्या.

कलम दुसरे. माझी बँकेतली शिल्लक समोरच्या दवाखान्याला द्यावी, बाकावर बसायला गाद्या करण्यासाठी. माझे कपडे ज्याला हवे त्याने न्यावेत. कपाटातली पितळी भांडी कोणी मागायला आलं, तर आधी ती कधी घासली होती का, ते विचारावं.

कलम तिसरे. आता मुद्द्याचं. हे कलम लांबेल. कंटाळा आला तरी या मृत्युपत्राच्या व्यवस्थापकाने ते सर्वांसमोर मोठ्याने वाचून दाखवावं, विशेषतः माझ्या चुलतदादासमोर. दादा म्हणजे थोरल्या काकांचा मुलगा, संग्रहालय समितीचा अध्यक्ष.

माझे वडील मी पाळण्यात असताना गेले. त्यानंतर थोड्याच दिवसांत थोरल्या आणि धाकट्या काकांनी वाटण्या करायचं ठरवलं. घरातलं सगळं सामान दिवाणखान्यात आणून त्याचे तीन ढीग केले. डावीकडचा थोरल्यांचा, मधोमधचा धाकट्यांचा, उजवीकडचा माझ्या आईचा. पुढे कोणी शब्द फिरवू नये म्हणून छायाचित्रकाराला बोलावून त्या तीन ढिगांचा फोटो काढून घेतला. फोटोच्या तीन प्रती काढल्या, प्रत्येकीच्या पाठीवर कोणता ढीग कोणाचा ते लिहून दोन्ही भावांनी सह्या केल्या आणि एकेक प्रत एकेकाला दिली. एकमेकांवर इतका विश्वास असलेलं कुटुंब होतं आमचं.

आईच्या ढिगात एक भिंतीवरचं घड्याळ होतं. ते जमिनीवर उभं राहीना, सारखं कलंडायला लागलं. थोरले काका आईला म्हणाले, ते धरून उभी राहा. आई ते छातीशी धरून आपल्या ढिगाशेजारी उभी राहिली. फोटोत ती तशीच आहे. मान खाली, दोन्ही हातांत घड्याळ. थोरले काका आरामखुर्चीत बसलेत, दादा त्यांच्या मांडीवर.

वाटणी झाली आणि काका आईला म्हणाले, तुझ्या दोन खोल्यांत हे सामान मावणार कुठे, राहू दे दिवाणखान्यातच, तुझंच आहे. ते तिथेच राहिलं. आईने पुढे आयुष्यभर या घराचा स्वयंपाक केला, काकूंची बाळंतपणं काढली, काकांचं शेवटचं आजारपण काढलं. आपल्या त्या खुर्च्या ती रोज पुसायची. त्यातल्या एकीवरही ती कधी टेकलेली मला आठवत नाही. बसली असती तर काकांनी भुवया उंचावल्या असत्या, आणि त्यांच्या भुवयांना सगळं घर वचकून असायचं. तिच्या तोंडाला पानं पुसली ती अशी, तिच्याकडूनच फडकं मारून घेत.

मग दादाने घराचं संग्रहालय करायला काढलं. घर पडू द्यायचं नव्हतं, इथपर्यंत माझंही त्याच्याशी जमत होतं. जुन्या घरांची जाणकार म्हणून एक बाई बोलावली. दिवाणखाना पूर्वी होता तसाच मांडायचा म्हणून तिला दादाने फोटो दिला. कोणता फोटो? हाच, वाटणीचा. बाईने भिंगातून बघून बघून एकेक वस्तू तिच्या तिच्या जागी ठेवली. धाकट्या काकांनी आपला ढीग केव्हाच नेऊन विकला होता, तर तसल्याच वस्तू जुन्या बाजारातून शोधून आणल्या. फोटोत एका मेजावर खुर्ची उलटी टाकलेली आहे, कारण हमालाने ती तशी टाकली होती. बाईनेही मेजावर खुर्ची उलटी ठेवली. माहिती सांगणारी मुलगी लोकांना सांगते की त्या काळी फरशी पुसण्याची अशी पद्धत होती. तीन ढिगांना आता ज्येष्ठांची बैठक, पाहुण्यांची बैठक आणि स्त्रियांची बैठक म्हणतात. भिंतीवर तोच फोटो मोठा करून लावला आहे आणि खाली लिहिलं आहे, एकत्र कुटुंबातील एक सुखी संध्याकाळ. ज्या दुपारी हे घर फुटलं, ती दुपार तिकीट लावून दाखवतात. लोक बघतात आणि म्हणतात, पूर्वी कशी माणसं मिळून राहायची.

एवढ्यावर मी हसून सोडलं असतं. खरंच सोडलं असतं.

पण त्यांनी बाहुली केली. माणसाएवढी, उजव्या ढिगाशेजारी उभी, मान खाली, हातात खरं घड्याळ. पायाशी पाटी: घरातील सेविका.

ती पाटी मी पहिल्यांदा वाचली तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तशीच दादाच्या खोलीत गेले. तो जाणकार बाईसमोर बसला होता. बाईला ठाऊक नसेल, तिला कोण सांगणार? दादाला ठाऊक होतं. माझ्या आईच्या हातचं खाऊन तो वाढला. तापात तिच्या मांडीवर झोपला. त्याच्याकडच्या फोटोच्या पाठीवरही उजवा ढीग तिचा असंच लिहिलेलं आहे. मी म्हटलं, दादा, ती या घरची मधली सून आहे, सेविका नाही. तो माझ्याकडे न बघता म्हणाला,

"अगं, पण कामच करायची ना ती? मग चूक काय आहे त्यात?"

हे वाक्य मी कलमात घालते. त्याने ते जन्मभर विसरू नये. त्यानंतर मी दिलेला प्रत्येक अर्ज त्याने समितीपुढे ठेवतो म्हणून ठेवून घेतला. शाळेच्या सहली येतात, पोरं त्या बाहुलीच्या गळ्यात दप्तरं अडकवून फोटो काढतात. पोरांवर माझा राग नाही. पाटीवर जे लिहिलंय तेच ती वाचतात.

एकदा मी दोरी ओलांडून आईच्या ढिगातल्या खुर्चीत जाऊन बसले. पहारेकरी धावत आला. आजी उठा, वस्तूंवर बसायचं नाही, म्हणाला. मी म्हटलं, खुर्ची माझी आहे. त्याला वाटलं म्हातारीचं डोकं फिरलं. त्याने हाताला धरून मला उठवलं, हळूच उठवलं, पण उठवलं. माझ्याच घरात माझ्याच खुर्चीवरून. पुढे त्याला मी माझी फोटोची प्रत दाखवली तेव्हा त्याने पाठ वाचली, मग पुढची बाजू बघितली, आणि पुन्हा पाठ वाचली. आज साक्षीदार म्हणून तो आपणहून आला आहे. नोकरी जाईल रे, असं मी बजावलं होतं.

कलम चौथे. आता समितीने कान देऊन ऐकावं. फोटोची माझी प्रत सोबत जोडली आहे. तिच्या पाठीवर लिहिल्याप्रमाणे उजवीकडचा ढीग माझ्या आईचा होता आणि तिच्यानंतर तो माझा आहे. दोन बैठका, खुर्च्या, आरसा, पेटारा, दिव्याचा खांब आणि ते घड्याळ. तुम्ही मोठ्या कष्टाने फोटोबरहुकूम सगळं जागच्या जागी ठेवलंत, छापील पुस्तिकेत एकेका वस्तूला क्रमांक दिलात, त्याबद्दल मी आभारी आहे. माझी मालमत्ता इतक्या चोखपणे दुसऱ्या कोणी सांभाळली नसती.

माझ्या दोन खोल्यांवर दादाचा डोळा आहे. तिथे त्याला चहा-कॉफीचं दुकान काढायचं आहे. त्यासाठी तो हल्ली माझ्या तब्येतीची फार चौकशी करतो.

या खोल्या आणि तो सबंध ढीग मी संग्रहालयाला देते, पण खालच्या अटींवर. अटी पाळल्या नाहीत तर ढिगातली एकेक वस्तू हातगाडीवर घालून पुढच्या दाराने, लोक आत असताना, बाहेर काढावी आणि ज्या कोणाला बसायला खुर्ची नाही त्याला द्यावी. खोल्या मग गावातल्या बायकांसाठी स्वच्छतागृह बांधायला द्याव्यात. इतक्या मोठ्या घरात येणाऱ्या बाईमाणसाला त्याची सोय नाही, हे एकाही जाणकाराच्या लक्षात आलेलं नाही.

कलम पाचवे. व्यवस्थापक म्हणून मी दादाची बायको, म्हणजे माझी वहिनी, हिला नेमते. हे वाचून दादा उडेल. उडू दे. गेल्या आठवड्यात ती मागच्या दाराने माझ्याकडे आली. इतक्या वर्षांत आमचं कधी पटलं नाही. ती मला हट्टी म्हणायची, मी तिला नवऱ्याची री ओढणारी म्हणायचे, आणि दोघींचंही खरं होतं. ती पलंगाच्या कडेला बसली आणि म्हणाली, वन्सं, कुटुंबाच्या दालनात आता आमचाही फोटो लावायचं चाललंय. मी म्हटलं, मग बरं झालं की. तिने मान हलवली.

"फोटोत मी ह्यांच्या मागे ट्रे घेऊन उभी आहे," ती म्हणाली. "माझ्याखाली काय लिहितील?"

मी तिला तिथल्या तिथे विचारलं, व्यवस्थापक होशील का? ती हो म्हणाली. दादा तिला ओरडेल, अबोला धरेल, जेवणाच्या ताटावरून उठेल. तिने ते सगळं सोसलेलं आहे, आता निदान कारणासाठी सोसेल.

कलम सहावे. अटी. बाहुलीजवळची पाटी बदलावी. नवी पाटी अशी असावी: ही या घराची मधली सून. वाटणीच्या दिवशी तिला हे घड्याळ धरून उभं केलं. हे सामान तिचं आहे. यातला एक शब्द कमी करू नये, आणि शोभेसाठी एकही वाढवू नये. फोटोखालची सुखी संध्याकाळ पुसून तिथे वाटणीची दुपार लिहावं. तीन ढीग आहेत तसेच राहू द्यावेत, मेजावरची उलटी खुर्चीसुद्धा. लोकांना खरं बघू दे.

बाहुलीच्या हातातलं घड्याळ काढून भिंतीवर टांगावं. बाहुलीला उजव्या ढिगातल्या खुर्चीत बसवावं. ती वाकत नाही, असं सांगतील. मग वाकणारी नवी करावी, जुनी फेकून द्यावी. मान वर असावी. हात मोकळे असावेत, मांडीवर नुसते ठेवलेले. त्या हातांत फडकं, ताट, दिवा, काहीही देऊ नये. आणि तिला कोणी उठवू नये.

हे मृत्युपत्र मी राजीखुशीने, पण रागातच, वाचून समजून सही करते. याआधी मी दुसरं मृत्युपत्र केलेलं नाही, आणि हे बदलायचाही विचार नाही.

सही: मधल्या सुनेची मुलगी

आमच्यासमोर तिने सही केली, आणि तिच्यासमोर आम्ही:

साक्षीदार: समोरच्या दवाखान्याचे डॉक्टर
साक्षीदार: दिवाणखान्याचा पहारेकरी

व्यवस्थापक म्हणून काम मान्य: या घरच्या थोरल्यांची सून

ठिकाण: मोठ्या घरातला दिवाणखाना, उजवीकडची बैठक, चौघंही बसून
दिनांक: संग्रहालयाच्या सुट्टीचा सोमवार