फोरमनचा दिवा, फोरमनचा पाला आणि फोरमनचा पुढचा माणूस

मी, व्हर्ना कॅथलीन ट्रेलोअर, वय वर्षे एकोणऐंशी, राहणार गार्नेट स्ट्रीट, ब्रोकन हिल, न्यू साउथ वेल्स, हे मृत्युपत्र माझ्याच स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून, माझ्याच हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. खुब्याचे हाड एकदा मोडले होते, पण मृत्युपत्र खुब्याने लिहीत नाहीत. माझ्यावर कोणाचीही जबरदस्ती नाही. तसा एक प्रयत्न माझ्या मुलाने करून पाहिला, त्याचे काय झाले ते पाचव्या कलमात येईल. यापूर्वी केलेली माझी सर्व मृत्युपत्रे मी रद्द करते, कारण त्यांपैकी एकातही फोरमनचे नाव नव्हते.

फोरमन हा माझा दाढीवाला सरडा. मी गेल्यावर त्याला कोण सांभाळणार, एवढाच या कागदाचा खरा विषय आहे, बाकी सगळे ओघाने आले आहे. माझ्या वकिलांनी मसुदा वाचून चष्मा काढला आणि म्हणाले, "बाई, सरड्याच्या जेवणाचे तपशील कोणी मृत्युपत्रात घालत नाही." मी म्हटले, "म्हणूनच सरडे मरतात." त्यांनी चष्मा पुन्हा चढवला आणि पान उलटले.

कलम पहिले. या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझा मुलगा नेव्हिल याने करावी. तो ॲडलेडला विमा कंपनीत आहे. त्याला कागद उत्तम सांभाळता येतात, जिवंत प्राणी येत नाहीत, म्हणून कागद त्याच्याकडे.

कलम दुसरे. घर नेव्हिलला. मात्र समोरची खोली फोरमन जिवंत असेपर्यंत फोरमनची. तोवर घर विकायचे नाही, भाड्याने द्यायचे नाही आणि त्या खोलीत व्यायामाची सायकल आणून ठेवायची नाही. बँकेत जे आहे तेही नेव्हिलला, फक्त फोरमनची वीज, पाला आणि औषधपाणी यांसाठी लागेल तेवढे आधी वेगळे काढावे.

कलम तिसरे. फोरमन आला कसा, हे लिहून ठेवते, म्हणजे उद्या कोणी "म्हातारीला एकटेपणामुळे वेड लागलं होतं" असे म्हणणार नाही.

माझा नवरा मर्व्ह छत्तीस वर्षे खाणीत जमिनीखाली होता. फुप्फुसांनी हात टेकले तेव्हा डॉक्टरांनी त्याला खुर्चीत बसवले. खुर्चीतल्या माणसाला समोर काहीतरी हलते-डुलते लागते, आणि दिवसभर मलाच बघून कंटाळा येतो हे त्याने मला तोंडावर सांगितले होते. मग आम्ही सरडा पाळण्याचा रीतसर परवाना काढून जवळच्या मेनिंदी गावातल्या एका सरडे पाळणाऱ्याकडून बोटाएवढे पिल्लू आणले. पिल्लाने मर्व्हकडे बघून मान वरखाली करायला सुरुवात केली. मर्व्ह खोकत खोकत हसला. "अगं, हा तर आमचा फोरमन! काम काही नाही, नुसती मान हलवायची." तेच नाव पडले.

आमच्या गावात हा सरडा कुंपणाच्या प्रत्येक खांबावर फुकट बसलेला असतो. त्यामुळे तो आपल्याला कळतो असे इथल्या प्रत्येकाला वाटते, आणि नेमके तिथेच आमचे गाव फसते. परगावचा माणूस चार ठिकाणी विचारून दिवा आणतो. आम्ही म्हटले, बाहेर चव्वेचाळीस डिग्री ऊन असताना दिवा कशाला? माशांची जुनी काचेची टाकी घेतली, खिडकीशी ठेवली, खाली लाल वाळू ओतली आणि पांढराफटक लेट्यूस टाकला. उन्हातले जे किरण हाडे घट्ट करतात ते खिडकीच्या काचेबाहेरच राहतात, हे आम्हाला कोणी सांगितले नव्हते. आम्ही विचारलेही नव्हते.

मर्व्ह मार्चमध्ये गेला. त्यानंतर सहा आठवड्यांनी फोरमनचे मागचे पाय थरथरू लागले आणि जबडा रबरासारखा मऊ झाला. पशुवैद्य मुलगी म्हणाली, "ट्रेलोअरबाई, दोन आठवडे धरून चाला. त्यापुढे जगला तर नशीब." मर्व्हला वाचवणे माझ्या हातात नव्हते. हे होते. मी घरी येऊन ती टाकी अंगणात आपटून फोडली, ते किरण देणारा दिवा आणला, आणि दिवसातून दोनदा सुई नसलेल्या सिरिंजने त्याच्या जिभेवर कॅल्शियमचे थेंब सोडू लागले. शेजारच्या क्लॅरी रंडलने दिव्याचे खोके पाहिले आणि कुंपणावरून ओरडला, "सरड्याला दिवा? उद्या माशाला छत्री घेशील!"

सातव्या आठवड्यात फोरमनने स्वतः उडी मारून रातकिडा पकडला. मी स्वयंपाकघरात एकटीने टाळ्या वाजवल्या. इतका आनंद मला नेव्हिलच्या पदवीदानालाही झाला नव्हता, हे नेव्हिलने वाचले तरी चालेल.

पुढच्या हिवाळ्यात फोरमन झोपला आणि उठेना. क्लॅरी फावडे घेऊन आला. "गेलाय तो. वास यायच्या आत पुरून टाक." आणि मी नको म्हणत असताना त्याने माझ्या अंगणातल्या झाडाखाली खड्डाही खणला. पण थंडीत हे सरडे असेच महिनोन्महिने झोपतात. आमच्याकडे हिवाळा ऑगस्टअखेर संपतो, आणि सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी फोरमनने एक डोळा उघडला. मी त्याला हातावर बसवून कुंपणापाशी नेले आणि म्हटले, "क्लॅरी, तुझं मयत नाश्ता मागतंय." खड्डा बुजवायला त्याला अर्धा तास लागला. मी खुर्ची टाकून बघत बसले.

त्याच फोरमनने नंतर गावच्या जत्रेत पाळीव प्राण्यांच्या विभागात दोन वर्षे ओळीने पहिला क्रमांक मिळवला. दुसऱ्या वर्षी त्याने एका झुबकेदार पर्शियन मांजरीला आणि परीक्षकांच्या सख्ख्या भाचीच्या सशाला हरवले. निळ्या फिती बैठकीत लावल्या आहेत, त्या त्याच्याबरोबर जातील.

कलम चौथे. फोरमनचे घर आणि जेवण. हे कलम पेटीवर चिकटवावे.

पेटी लाकडाची, पुढून काचेची, चार फूट लांब, मर्व्हच्या हत्यारांनी मी स्वतः केलेली. तिचा डावा कोपरा थोडा तिरका आहे. तो मला ठाऊक आहे, कोणी दाखवू नये. एका टोकाला तापणारा दिवा आणि त्याखाली दगड, दगडावर हात ठेवून नव्हे तर तापमापक ठेवून चाळीस डिग्री बघावे. दुसरे टोक गार, पंचविसाच्या आसपास. ऊब हवी असली की इकडे, पुरे झाली की तिकडे, हे त्याचे त्याला ठरवू द्यावे. मर्व्हला ऑफिसातल्या लोकांनी कधी ठरवू दिले नाही, निदान फोरमनला तरी ठरवू द्या. हाडे घट्ट करणाऱ्या किरणांची लांब ट्यूब वेगळी. तिच्यात आणि त्याच्यात काच नको, प्लास्टिक नको. ती पेटत राहते म्हणून चांगली आहे असे समजू नये, आतले किरण आधी संपतात, म्हणून सहा महिन्यांनी बदलावी. रात्री सगळे बंद. खाली फरशी. वाळू खाण्याबरोबर पोटात जाऊन तुंबते, ती पुन्हा आणली तर मी वरून बघत असेन.

तो आता मोठा आहे, त्यामुळे रोज पाला आणि आठवड्यातून दोनदाच किडे. पाल्यात बॉक चॉय, डँडेलियनची पाने, किसलेला लाल भोपळा, आणि सणासुदीला कुंडीतले जास्वंदीचे फूल, ते तो माणसासारखे डोळे मिटून खातो. पालक क्वचित. ॲव्होकॅडो आणि रुबार्ब कधीच नाही, ते त्याला विष आहे. किडे म्हणजे रातकिडे किंवा दुकानातली पाळलेली झुरळे, आणि किडा त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नको. किड्यांना आदल्या दिवशी गाजर खायला घालावे, कारण किड्याच्या पोटात जे जाते तेच शेवटी फोरमनच्या पोटात जाते. वर कॅल्शियमची भुकटी, केकवर साखर भुरभुरतो तेवढीच. बागेतले किडे पकडून घालू नयेत, शेजारचे लोक फवारणी करतात.

थंडीत झोपला की उठवू नये, खायला घालू नये, पंधरा दिवसांनी वजन करावे. आणि फावडे आणू नये.

कलम पाचवे. दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत मी अंगणात पडले आणि अकरा दिवस हॉस्पिटलात होते. नेव्हिल ॲडलेडहून आला, घराची किल्ली त्याच्याकडे दिली. तिसऱ्या दिवशी त्याचा फोन आला.

"आई, मी काय म्हणतो, तू आता ॲडलेडलाच चल. तिकडे एक छान जागा बघितलीय, नर्स असते, बिंगो असतो. तिथे प्राणी चालत नाहीत, म्हणून त्याला आज मी गावाबाहेर सोडून येतो. त्याचंच वाळवंट आहे ना?"

"नेव्हिल, त्याने जन्मात स्वतःचं पाणी शोधलेलं नाही! आणि पाळलेला सरडा रानात सोडणं गुन्हा आहे."

"तू शांत पड बघू," असे म्हणून त्याने फोन ठेवला.

पलंगावरून मला हलताही येत नव्हते. पाठ असलेला गावातला नंबर एकच होता, क्लॅरीचा, कारण तीस वर्षे मी तो भांडायला फिरवत होते. १९९१ साली त्याने आपली गाडी मागे घेताना आमच्या पत्र्याच्या कुंपणावर घातली आणि वर म्हणाला की कुंपणच पुढे आले होते. तेव्हापासून आमचे हे असे. शिवाय त्याची बायको जीन गेल्यापासून तो खिडक्यांचे पडदेही उघडत नव्हता. तरी फिरवला.

"क्लॅरी, मी व्हर्ना."

"काय केलं आता मी?"

"काही नाही. नेव्हिल फोरमनला टाकायला निघालाय. अडव त्याला."

पलीकडे फोन नुसता खाली पडल्याचा आवाज आला. नंतर समोरच्या घरातल्या मर्ल हॉकिंगने आपल्या व्हरांड्यातून पाहिलेले सांगितले ते असे: ऐंशी वर्षांचा माणूस पायात एकच चप्पल घालून नेव्हिलच्या गाडीपुढे उभा होता.

"खोका घरात ने."

"रंडलकाका, तुमचा काय संबंध?"

"संबंध नंतर बघू. आधी खोका. आणि सपाट धर, त्याला चक्कर येते."

उरलेले आठ दिवस क्लॅरी रोज सकाळी सातला आला. माझ्या वहीत त्याने त्याच्या गिचमिड अक्षरात लिहिले आहे: "भोपळा खाल्ला. पाला ढकलून दिला, बाईसाहेबांच्या हातचाच पाहिजे." "झुरळे सहा. एक पळाले, सोफ्याखाली आहे, व्हर्नाला सांगू नये." "आज माझ्या खांद्यावर तासभर बसला. मी हललो नाही." घरी आले तेव्हा सगळे पडदे उघडे होते, माझे आणि पलीकडे त्याचेही. महिन्याभरात त्याने स्वतःच्या नावाचा परवाना काढला. आता तो दुकानात अनोळखी लोकांना थांबवून सांगतो की खिडकीच्या काचेतून किरण येत नाहीत, जणू हा शोध त्यानेच लावला.

ॲडलेडच्या त्या छान जागेत मी गेले नाही. नाकावर टिच्चून इथेच आहे. नेव्हिलला मी माफ केले आहे. घर त्याला दिले यावरून ते दिसतेच.

कलम सहावे. मर्व्हची हत्यारे खाणकामगारांच्या संग्रहालयाला द्यावीत, करवत सोडून. चीज-स्लॉची, म्हणजे आमच्या गावच्या किसलेल्या चीज-गाजराच्या कोशिंबिरीची, माझी कृती मर्लला, तिने ती तशीही चोरलेलीच आहे. कुंपणाचा वाकडा पत्रा सरळ करू नये, वाद अजून मिटलेला नाही.

कलम सातवे. माझा सरडा फोरमन, त्याची पेटी, दिवे, फिती, वही आणि पेटीच्या डागडुजीसाठी मर्व्हची करवत हे सर्व मी माझा शेजारी क्लॅरेन्स जॉर्ज रंडल यास देते. समोरच्या खोलीची एक किल्ली त्याच्याकडे राहील, आणि मर्व्हच्या खुर्चीत बसण्याचा हक्कही. त्या खुर्चीत मी आजवर कोणाला बसू दिलेले नाही. क्लॅरी माझ्या ओळखीतला सर्वांत हट्टी माणूस आहे, आणि सरडा सांभाळायला तेच लागते. हे त्याला मी अजून सांगितलेले नाही.

साक्षीदारांविषयी. वरील कलम लिहून झाल्यावर एक गोष्ट घडली, ती नोंदवणे भाग आहे. मला सह्या हव्यात असे मर्लकडून कळल्यामुळे क्लॅरी सकाळी दहा वाजता इस्त्रीचा शर्ट घालून, स्वतःचे पेन घेऊन दारात हजर झाला.

मी म्हटले, "तुझी सही चालत नाही."

"का? लिहिता येतं मला."

"कायदा आहे. ज्याला काही मिळतं त्याने साक्षीदार व्हायचं नाही."

त्याने पेन खिशात ठेवले, मग पुन्हा बाहेर काढले. "मला काय मिळतंय? तो पत्रा?"

मी समोरच्या खोलीकडे बोट केले. फोरमन दगडावर चारी पाय पसरून पडला होता. क्लॅरीने दारात जाऊन त्याच्याकडे पाहिले आणि पेन पुन्हा खिशात ठेवले. मग म्हणाला, "व्हर्ना, मी ब्याऐंशीचा आहे."

"माहीत आहे."

"तो अजून पाच-सहा वर्षं सहज काढेल."

"मग तुलाही काढावी लागतील," मी म्हटले. "आता मधेच मरायची सोय राहिली नाही तुला."

हे सर्व वाचून, समजून, पूर्ण समाधानाने, खालील दोघांसमोर एकाच वेळी मी सही करत आहे.

(सही) व्हर्ना कॅथलीन ट्रेलोअर

आमच्यासमक्ष सही झाली. आम्हा दोघांनाही या मृत्युपत्रानुसार काही मिळत नाही.

साक्षीदार १: (सही) ट्रेव्हर पॅस्को, औषधविक्रेता
साक्षीदार २: (सही) लोइस कर्नो, ग्रंथपाल

(मर्ल हॉकिंग यांची सही घेता आली नाही. चीज-स्लॉच्या कृतीमुळे त्याही अपात्र ठरल्या व रागावून घरी गेल्या.)

स्थळ: ब्रोकन हिल
दिनांक: १४ ऑक्टोबर २०२३