धोंडाबाईचे साठ कळक

६ नोव्हेंबर ७२, सोम.
बँकेच्या मिरजगाव शाखेत येऊन चार महिने झाले. आज मॅनेजरांनी नगरहून आलेलं पत्रक टेबलावर टाकलं. कारागिरांना सरकारच्या हमीवर थोड्या व्याजाचं कर्ज. जामीन नको, जमीन नको. "तुम्ही गावात फिरता, माणसं आणा." चांभार, कुंभार, बुरूड. आजवर ही माणसं पायरीवर टेकली तरी आमचा शिपाई उठवायचा.

९ नोव्हें., गुरु.
बुरुडआळीत गेलो. आळी कसली, दोन घरं, त्यातलं एक बंद. दुसऱ्यात धोंडाबाई आणि तिचा नवरा गणपत. तळ्याच्या दुष्काळी कामावर माती वाहायला पाट्या हव्यात, ओव्हरसियर म्हणतो कितीही द्या. विणणारे हात आहेत, बांबूचा कळक नाही. गणपतला दमा. पाट्या झाल्या नाहीत तर दोघांना खडी फोडायला जावं लागणार. धोंडाबाई म्हणाली, "ती धूळ ह्यांच्या छातीला झेपायची न्हाई, भाऊसाहेब. तेवढं खडीवर जायाचं टळू द्या." फॉर्म तिथंच भरला. तिचा अंगठा. गणपत सही करतो. कुणी शिकवली विचारलं तर नुसता हसला.

२१ नोव्हें., मंगळ.
मंजूर! शाखेतलं पहिलं. मॅ. खूश, मी त्यांच्याहून. पैसे हातात द्यायचे नाहीत, माल घेऊन द्यायचा, पक्की पावती पाहिजे, आणि कर्ज फिटेपर्यंत माल बँकेकडे तारण. नगरच्या वखारीतून आणायचं ठरलं. धोंडाबाई: "मला संगं न्या. कळक मी निवडते." ट्रकात पुढं जागा नाही म्हटलं. जागा होती. पण तिला शेजारी बसवून नगरपर्यंत जायचं म्हणजे गावात चार तोंडं. म्हणालो, "बाई, बांबू तो बांबू."
घरी वडिलांना विचारलं. दुष्काळात दादा तिकडं एकटे नकोत म्हणून दिवाळीच्या आधी त्यांना पुणतांब्याहून इथं आणलंय. गोदावरीच्या आठवणी काढत बसतात. म्हणाले, "वाळलेला घे. ओल्याला कीड लागते. वाजवून घे." आमच्या गोठ्याचं छप्पर त्यांनी स्वतः घातलेलं, अजून हललं नाही.

२५ नोव्हें., शनि.
साठ कळक उतरवले. पिवळेधम्मक, सरळ, एकेक वाजवून घेतलेला. ऐटीत उभा राहिलो होतो मी. गणपतनं एकावर कोयता घातला आणि कळक उभा तडकला. विणायला पातळ कामट्या निघाव्या लागतात, ह्याच्या नुसत्या ढलप्या. दुसरा फोडलाच नाही त्यानं. धोंडाबाईनं एक ढलपी उचलून नखानं सोलून पाहिली. मग म्हणाली, "ह्यो मांडवाचा कळक हाय, भाऊसाहेब. इनायला वला लागतो."
भिजवला तर?
"आठ-दहा दिस पान्यात बुडवून ठिवला तर निघल काईबाई."
आठ-दहा दिवस पाण्यात. मिरजगावात. यंदा.
घरी येऊन दादांवर ओरडलो. उगाच. त्यांना ठाऊक ते त्यांनी सांगितलं. जिला विचारायचं तिला मी विचारलंच नाही.

२७ नोव्हें., सोम.
सरपंचांकडे गेलो. जुन्या विहिरीच्या तळाला वीतभर गढूळ पाणी आहे, त्यात टाकू द्या म्हटलं. "भाऊसाहेब, मानसाला पाजू का कळकाला?" चुकीचं काय बोलले? वखारवाला माल परत घेत नाही. मॅ. म्हणाले, "माल दिला, पावती आहे, आपलं काम झालं." झालं म्हणे.

४ डिसें., सोम.
दोघं खडीवर. सकाळी रस्त्यात भेटले. गणपतनं तोंडाला फडकं बांधलेलं. त्यानंच आधी रामराम घातला. मी सायकल जोरात हाणली.

१९ जाने. ७३, शुक्र.
सरपंचांची आई गेली. तिरडीचे दोन कळक धोंडाबाईच्या दारातून गेले. मी तिथंच होतो. म्हटलं, सरपंच पैसे देताहेत, घे, हप्त्याला होतील.
"तिरडीचं पैसं आमी घेत न्हाई. सासऱ्यानं कदी घेतलं न्हाईत."
अगं, पण हा कर्जाचा माल.
"ज्याच्या घरचं मानूस गेलं त्याला कळक इकत देऊ व्हय?"
पाणी नाकारणाऱ्याला तिनं कळक दिले आणि वर पदरानं पुसून दिले.

२३ फेब्रु., शुक्र.
म्हातारी माणसं पटापट चाललीत. दर खेपेला दोन. तिरडीला वाळलेला कळक चालतो आणि ती पैसे घेत नाही, म्हणून लांबचेही तिच्याच दाराशी येतात. कळक पन्नासाच्या आत आलेत. गणपत आता रोज कामावर जात नाही, खोकून खोकून बसतो. मला बिनदुधाचा चहा दिला. माफी मागायची म्हणून जातो आणि कळक मोजून परत येतो. असा कसा मी?

१४ मार्च, बुध.
दादा परवा गेले. दुपारी. पाणी मागितलं, सौ. तांब्या घेऊन येईपर्यंत
लिहवत नाही.
इथं भावकी नाही, काही नाही. काय करायचं असतं तेही सुचेना, दारात बसून होतो. न बोलावता धोंडाबाई खांद्यावर कळक घेऊन आली. उरलेल्यांतले सगळ्यांत सरळ दोन. मागून गणपत, खाडा करून, खडीवरून. तिरडी त्यानंच बांधली, मधे मधे थांबून, खोकत. मी खिशात हात घातला. तिनं नुसतं पाहिलं. हात बाहेर काढला. दादांनी घ्यायला लावलेला कळक, दादांच्याच... फार रडलो मग. अस्थी गोदावरीला न्यायच्या आहेत. रजेचा अर्ज दिला.

२९ मार्च, गुरु.
कामावर रुजू. वरून पत्र आलंय: तारण मालाची तपासणी करा, माल कमी भरल्यास कर्जदाराने परस्पर विकला असे समजून फौजदारी करावी, उरलेला जप्त करावा. मॅ.: "मोजा आणि तुमच्या सहीनं द्या. सोमवारी टपालात पडलं पाहिजे."

३१ मार्च, शनि.
मोजले. एक्केचाळीस. मोजायला तीच मदत करत होती, एकेक कळक बाजूला ठेवत. आत गणपतचा खोकला.
"कमी का पडलं ते लिवावं लागतंय का?"
लागतं म्हटलं.
"मग गेलेल्या मानसांची नावं नका लिवू. घरच्यांला वाईट वाटंल."
फौजदारीचं तिला सांगायला गेलो होतो. न सांगता आलो.

१ एप्रिल, रवि.
फॉर्म घेऊन सकाळपासून बसलोय. रकाना: 'कमी मालाची विल्हेवाट.' विकला लिहिलं तर ती चोर. फुकट दिला लिहिलं तर मॅ. विचारणार, बँकेचा माल वाटणारी ही कोण. खरं लिहायचं तर नऊ नावं. पहिलं सरपंचांच्या आईचं, शेवटचं दादांचं, आणि खाली सही माझी. शिवाय फुटलेला एक, तो तर माझाच.
सौ.नं विचारलं काय अडलंय. सांगितलं. म्हणाली, "मामंजींचं नाव लिहा. त्यांना चालेल."
बाकीच्या आठ जणांना चालेल का, कुणाला विचारू? आणि धोंडाबाईनं तर लिहू नका म्हणून सांगितलंय.
इतर रकाने भरले. तेवढा एक कोरा आहे. उद्या सोमवार.