दादांच्या नंबरवरून

प्रिय लंकाताई,

आधी पाप सांगतो, मंग बाकीचं. मी दादांचा, आपल्या बापाचा आवाज काढला. पैल्यासारखा गंमत म्हनून न्हाई. दादा गेल्यावर काढला, मोबाईलमधे रेकॉर्ड केला आन आईला पाठवला. हितंच कागद फाडू नको, पुढं वाच. शिव्या शेवटाला दे, म्हंजे एकदाच देऊन हुतील.

फोनवर सांगितलं असतं, पन तुझा फोन आला का आई तो स्पीकरला टाकून मांडीवर ठिवती. मेसेज टाकावा तर तुझा मोबाईल कायम सोनूच्या हातात, आन तुझं पोरगं जे वाचतं ते मोठ्यानं वाचतं. म्हनून कागद. दहावीच्या पेपरानंतर पैल्यांदाच येवढं लिव्हतोय, आन त्या पेपरातबी येवढं लिव्हलं नव्हतं. पुंजारामच्या जीपनं भिंगारला धाडतोय.

सुरवात आईच्या जुन्या मोबाईलपसनं झाली. तू बघितलाच हाय, काच फुटून कोळ्याचं जाळं झालेलं, मागचं झाकन रबरानं बांधलेलं. चार्जिंग व्हायचं तर तो पिठाच्या डब्याला तिरका टेकवायचा, आन मंग शेजारून कुनी चालायचं न्हाई. शेवटी शेवटी तर त्याच्या अंगात यायचं. हात न लावता फोन लागायचे. एकदा आपला आपन मुकादमाला लागला, आन आई त्या टायमाला रंगात येऊन मुकादमाचीच आरती करत हुती. त्यानं सगळी ऐकली. तवापसनं तो आईला वाकून रामराम घालतो.

मीच मागं लागलो, नवा घे म्हनून. आई नको म्हनायची. "त्यात त्यांचं हाय," येवढंच. मी म्हनलो, "अगं सगळं नव्यात येतं, ह्या डब्यातलं पीठ त्या डब्यात वतल्यासारखं."

त्यात दादांचं काय हुतं ते तुला ठाऊक हाय. गेल्या हंगामात दादा उसाची गाडी घेऊन कारखान्यावर नंबर लावून बसल्याले, आन आई फडाजवळच्या पाचटाच्या कोपीत वाट बघत हुती. तवा त्यांनी बोलून पाठवल्यालं. "ए लंकाची आई, नंबर लांब हाय. तू जेवून घे. बैलांपुढं वाढं टाक. माझी वाट बघू नको." मधेच खोकला, त्यांचा तो कायमचा, छाती खरवडून येनारा. आन मंग दमल्यागत, "जेव हां." बास, येवढंच. दादा गेल्यापसनं आई भाकरी झाली का ते लावायची, आन "जेव हां" आलं का ताटावर बसायची. तिला ते लावल्याबिगर घास जात नव्हता, ताई.

स्टँडमागं शाहबाजचं दुकान हाय, जुना द्या नवा घ्या. त्यानं विचारलं, "कानिफ, बॅकअप घेतला का रे?" मी म्हनलो, "मला शिकवतो व्हय तू." बॅकअप म्हंजे काय ते मला निम्मंच ठाऊक हुतं, आन तेबी चुकीचं निघालं. त्यानं माझ्यासमोर जुना मोबाईल कोरा केला आन खोक्यात टाकला. नवा चालू केला तर तो इंग्रजीत लई प्रश्न विचारत हुता. माझं तुला म्हाईतच हाय, प्रश्न आला का मी पुढं ढकलतो. ढकलत ढकलत गेलो. त्यात जुने मेसेज आनायचे का, हाबी एक प्रश्न हुता, असं मागनं कळलं.

घरी आल्यावर त्याला आईचं बोट लावायला गेलो तर घेईना. हा अंगठा, तो अंगठा, सगळी बोटं झाली. कोयता धरून धरून तिच्या बोटाच्या रेघाच गेल्यात, रेशनच्या मशीनलाबी तसंच हुतं. आई हसली. "म्या कोन तेच त्याला कळंना व्हय," म्हनली. मी माझं बोट लावलं आन तिच्या हातात दिला. मंग तिनं दादांचं नाव शोधलं. तिला वाचता येत न्हाई, पन त्या नावाचा आकार तिला येतो. दाबलं. आत काईच न्हाई. निस्तं पांढरं.

ताई, आयुष्यभर मी लोकांना थापा मारल्या, पन त्या टायमाला तोंडात एकबी येईना. कसंबसं म्हनलो, "नेट स्लो हाय आई, येतंय." ती म्हनली, "येऊ दे." आन ताट झाकून ठिवलं. दुसऱ्या दिवशीबी झाकलं. मी शाहबाजकडं पळालो. तवर जुने मोबाईल गठ्ठ्यानं नगरला गेले हुते, आन गेले नसते तरी कोऱ्यातनं काय निघनार. त्यानं मला निस्ता चहा पाजला. मला वाटलं चार शिव्या देईल तर बरं.

मंग मला ते सुचलं. दादांचा मोबाईल तर कवाच पान्यात पडून मेल्याला, पन त्यांचं सिम पेटीत हुतं. रिचार्ज मारला, माझ्या मोबाईलमधे घातलं, त्यांच्या नंबरावर व्हॉट्सॲप उघडलं, त्यांचा फेट्यातला फोटो लावला. आन ताई, तो नंबर चालू झाला तसे मेसेज यायला लागले. टिंग टिंग, थांबंचनात. सगळे आईचे. जुन्या मोबाईलवरनं ती त्यांच्याशी बोलत हुती आन कुनाला म्हाईत नव्हतं. "शेळी व्याली, दोन्ही पाठी झाल्या." "आज खुरपायला गेल्ते, पाठ लई धरलीय." "कानिफ बरा वागतोय, त्याला घालून पाडून बोलत जाऊ नका." एकात तर निस्ताच पंख्याचा आवाज, आन शेवटाला, "तुमचा खोकला न्हाई तर झोपच लागत न्हाई."

मी ऐकायला नको हुतं. पन ऐकलं.

दादांचा आवाज मला येतो, तुला म्हाईत हाय. त्याच आवाजात मी एकदा कोपीबाहेर वरडलो हुतो, "उठा रं, गाड्या जुपा," आन सगळी टोळी मध्यरातीलाच बैल जुपून बसली. दादा चाबूक घेऊन मागं लागले आन आई पोट धरून हसत हुती. तसाच आवाज गोठ्यात बसून काढला. शब्द सगळे पाठ हुते. फक्त खोकला जमंना. खोकायला लागलो का मला शेवटचे दिवस दिसायचे, सिव्हिलमधले, आन रडू यायचं. शेवटी खोकल्याबिगरच पाठवला.

संध्याकाळी आईनं भाकरी केल्या, मोबाईल कानाला लावला. पुन्हा लावला. ताट वाढून घेतलं आन जेवली. मला वाटलं जिंकलो. हात धुवायला भाईर आलो तर माझ्या खिशात मोबाईल थरथरला. आईनं दादांना पाठवल्यालं. "आज खोकला न्हाई आला तुमाला. बरं वाटतंय व्हय तिकडं?"

तिला कळलंय का न्हाई, मला कळंना. जिनं मला दादांच्या आवाजात वरडताना हज्जारदा ऐकलं ती फसंल कशी? आन कळलं असंल तर जेवती कशाला? विचारायची माझी छाती न्हाई. रोज तिचा एक मेसेज येतो. मी ऐकतो, उत्तर देत न्हाई. आन एक झालंय, तेबी सांगतो. आता मी दादांना आठवायला गेलो का मलाच मी ऐकू येतो. त्यांचा खरा कसा हुता, ते माझ्याकडनं पुसलं गेलं.

काल तिचा नवा मेसेज आला, म्हनून लिव्हायला बसलो. "लंका पंचमीला येतीय. तिलाबी दोन शब्द पाठवा. पोरगी तोंडानं मागत न्हाई, पन तिचा लई जीव हुता तुमच्यावर." मी बसलो ताई. लई बसलो. तुझ्यासाठी तोंडातनं शब्द निघंना. आईला फसवलं ते तिच्या जेवनापायी, तुला कशापायी फसवू? तवा पंचमीला आल्यावर आई तुला विचारील, त्यांचं काई आलं का. आलं म्हन. काय म्हनले असं विचारलं, तर त्यांनी तुला जे म्हनावं असं तुला वाटतं तेच सांग, मी तिथं थांबनार न्हाई. पन दाजींना सांगू नको, सोनूला तर न्हाईच न्हाई, आन तिचे मेसेज मी ऐकतो हे आईला कळू दिऊ नको. पाया पडतो ताई, कुनाला म्हंजे कुनालाच सांगू नको.

तुझाच,
कानिफ