माझ्याच पेशी

३ फेब्रुवारी
लागली बाई नोकरी एकदाची. प्रयोगशाळा लख्ख आहे, चहा बरा आहे आणि इथल्या प्रमुख, म्हणजे मॅडम, चक्क हसतात. काम असं, की माणसाच्या कातडीच्या पेशींपासून काचेच्या बशीत मेंदूचे मसुराएवढे गोळे वाढवायचे आणि पोटातल्या बाळाचा मेंदू कसा घडतो ते त्यांच्यावर बघायचं. इथली रीत म्हणजे नव्या माणसाने आपल्याच कातडीचा कपटा द्यायचा, त्यातून त्याचे गोळे. इतर ठिकाणी याला सक्त मनाई असते, पण मॅडमपुढे बोलणार कोण? मी दंडाचा दिला. नवऱ्याला फोनवर सांगितलं तर म्हणाला, आहे तो मेंदू वापर आधी.

२१ एप्रिल
गोळ्यांना दिवसाआड खाऊ घालते, म्हणजे त्यांचा गुलाबी द्रव बदलते. इतरांच्या पोरांपेक्षा माझी गुटगुटीत आहेत. मॅडमची तक्रार एकच. बशीत रक्त नाही, त्यामुळे गोळा आतून उपाशी मरतो, वाढ खुंटते.

आज गोळा उचलताना सुई उजव्या तर्जनीत घुसली. खूप धुतलं. परक्या पेशी असत्या तर शरीराने हाकलल्या असत्या. या माझ्याच, घरच्या माणसाला कोण अडवणार? मनाई कशासाठी असते ते आता कळलं.

९ मे
बोटात गाठ. मॅडमनी हात हातात घेतला तो बराच वेळ सोडला नाही. बोट लगेच कापा म्हटलं, तर म्हणाल्या, घाई नको, आधी तपासण्या. तळमजल्यावरच्या खोलीत हलवलंय. पसरू नये म्हणून, म्हणे. गाठ म्हणजे काय सर्दी आहे? दार आतून उघडत नाही. फोन त्यांच्याकडे.

१७ मे
गाठी कोपरापर्यंत. आत काहीतरी फडफडतं, नाडीशी जुळत नाही. दिवा लावला की हात उजेडाकडे वळतो. मी वळवत नाही. मॅडम हाताला तारा लावून पडद्यावरच्या रेघा बघत बसतात. बशीत गोळा कधीच इतका वाढला नव्हता म्हणाल्या, डोळ्यांत पाणी होतं. हा हात त्या कापू देणार नाहीत. मीच त्यांची बशी. हात जाऊ दे, मला घरी जायचंय.

२२ मे
खांदा. मान — जबडा उघडत नाही. पाय ऐकत नाहीत. घास तोंडापर्यंत येत नाही, पण पेन दिसलं की हात आपणहून — डाव्याने सोडवू पाहिलं. आता डावाही —

२४ मे
नवरा आलाय. दार उघडं आहे. उघडं. माझी पाठ तिकडे. मॅडम सांगतायत, स्वखुशीने राहिली, बघा, कशी लिहीत बसलीय. त्याने हाक मारली. दोनदा. ओरडायचंय — तोंड — पेन सोड, मेल्या, सोड —

हसला तो. म्हणतोय, कामात असली की घरीही अशीच, हूं की चूं नाही. येतो म्हणाला. मागे वळ ना रे — पावलं लांब — दार लावतायत — मी लिहीत नाहीये, हा हात लि