द्यायची राहिलेली बोटं

माय, आज चुलीवरून भाताचं गंज उतरवताना हात भाजला आणि मी झटक्यात हात मागं घेतला. तुला तसं कधी करता आलं नाही. चटका बसलेला तुला कळायचाच नाही. महारोगानं तुझे दोन्ही हात बधिर केले होते आणि उजव्या हाताची बोटं पेरापेरानं झडून गेली होती. ऐंशी सालानंतरची ती वर्षं. गावानं बाहेर काढल्यावर तू मला कडेवर घेऊन जंगलातल्या मिशनच्या दवाखान्यात आलीस आणि पुढं तिथल्याच स्वयंपाकघरात कामाला लागलीस. दिवेलागणीला तू कंदिलापुढं हात पसरून बसायचीस आणि मी कुठं भाजलंय, कुठं कापलंय ते शोधायची. सापडलं की तेल लावून चिंधी बांधायची. बाहेर सागाची पानं वाजायची, तू उपासनेतलं एखादं गाणं गुणगुणायचीस. तेवढा निवांत वेळ मला पुढं कधी मिळाला नाही.

मग नव्या गोळ्या आल्या. डॉक्टर म्हणाले, रोग गेला, आता तुझ्यापासून कोणाला लागणार नाही. तू नवं लुगडं नेसलीस आणि आपण मुलचेऱ्याकडं तुझ्या माहेरी निघालो. बसमध्ये तू सारखी हसत होतीस. मामा अंगणात आला, त्यानं तुझे हात पाहिले आणि तो तिथंच थांबला. मोहाच्या झाडाकडं बोट करून म्हणाला, "बाई, तिथीच बस." मामीनं पानावर भात वाढून लांबूनच सरकवला. तू जेवलीस, आपलं पान आपणच उचललंस, आणि आपण परत रस्त्यावर येऊन बसची वाट पाहत उभ्या राहिलो.

अजून आठवतं, त्या रस्त्यावर मी चिडून विचारते, "देवानं तुले बरं केलं म्हनतेस. मंग बोटं काऊन नाई देल्ली?"

तू माझ्याकडं वळतेस. "देनार नाई असं म्हटलं काय त्यानं? सारं नवं करीन म्हनला तो. माही बोटं द्याची राह्यली आहेत, एवढंच. त्याले खोटं पाडू नको." मग पदरानं माझं तोंड पुसतेस. तुझे डोळे मात्र ओलेच असतात.

दोनतीन पावसाळे गेले आणि एका सकाळी मामा दवाखान्याच्या स्वयंपाकघराच्या दाराशी उभा. आत येईना. सदरा वर करून त्यानं पाठ दाखवली. तिथं फिकट चट्टा होता. "बाई, इथी काटा टोचला तरी समजत नाई. घरी कोनाले सांगतलं नाई मी." मला वाटलं, आता तू त्या झाडाची आठवण काढशील. तू आत गेलीस, ताटात भात आणि लाखोरीची डाळ वाढून आणलीस आणि त्याच्या शेजारी बसलीस. "आधी जेव. लवकर आला तू. तुही बोटं राहतील." तो जेवत होता आणि रडत होता.

त्याची बोटं राहिली, माय. गोळ्या पुऱ्या झाल्यावर तो तुला न्यायला बैलबंडी घेऊन आला. त्या दिवशी त्याच्या घरची चूल तू पेटवलीस आणि तुझ्या हातचा पहिला घास मामीनं खाल्ला.

पुढं कितीतरी वर्षांनी तू गेलीस तेव्हा खड्डा मामानंच खणला. प्रार्थना संपल्यावर मातीचे हात घेऊन तो मिशनच्या पाळकांजवळ गेला. तो तुझ्यासारखा ख्रिस्ती नव्हता, कधी झालाही नाही. हळूच म्हणाला, "साहेब, तिले तिची बोटं भेटतील नं?" पाळक म्हणाले, "भेटतील, भाऊ." मामानं मान हलवली आणि पुन्हा फावडं उचललं. देवानं तुला भाऊ परत दिला होता, घर परत दिलं होतं, ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं. म्हणून उरलेल्याचीही मी वाट पाहते. तुझ्याएवढ्या ठामपणे नाही, पण पाहते.

हे पत्र टाकायचं तरी कुठं? इथंच राहील. एवढं मात्र सांगते. प्रार्थनेला डोळे मिटले की मी आधी तुझ्याशीच बोलत बसते. देवाची पाळी मागाहून येते, आणि पुष्कळदा तोवर मला झोप लागलेली असते.